एका मोठ्या संख्येचें अंतरंग

अमरावती जिल्ह्यांत चांदूर या नांवाचीं तालुक्याचीं दोन गांवें आहेत. एक चांदूर बाजार आणि दुसरें चांदूर रेल्वे. पाकिटावर नुसतें ‘चांदूर’ एवढेंच लिहिलें, तर पत्र कोणत्या गांवीं जाईल याचा भरंवसा देतां येत नाहीं. नांव तेंच असलें तरी गांव कोठें वसलें आहे, यावरून त्याची ओळख ठरते. बडनेरा सोडून नागपूरकडे निघालेला प्रवासी धामणगांव येण्यापूर्वीं ज्या चांदुरावरून जातो, तें चांदूर रेल्वे. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ सालीं नागपूरला पोंचला. तो या गांवाजवळून गेला आणि गांवाच्या नांवाला कायमचा चिकटून बसला.

अंकांच्या राज्यांतहि हाच न्याय चालतो. ‘एक’ हा अंक सर्वत्र तोच. पण तो एकं स्थानीं बसला तर त्याची किंमत एक, शतं स्थानीं बसला तर शंभर आणि लक्ष स्थानीं बसला तर लाख. अंकाची जी स्वतःची किंमत, तिला शाळेंत दर्शनी किंमत म्हणतात, आणि जागेमुळें मिळणारी जी किंमत, तिला स्थानिक किंमत म्हणतात. ही गोष्ट प्राथमिक शाळेंतल्या मुलालाहि ठाऊक असते, आणि ठाऊक असल्यामुळेंच पुढें आयुष्यभर तिच्याकडे कोणी पुन्हां वळून पाहत नाहीं. ती किती खोल आहे हें समजून घ्यावयाचें असेल, तर एकच मोठी संख्या घेऊन तिची नीट ओळख करून घेणें पुरेसें आहे. ती संख्या अशी:

१२३४५६७८९८७६५४३२१

एकापासून पायरी पायरीनें नवापर्यंत चढावें आणि त्याच पायऱ्यांनीं खालीं उतरावें, अशी हिची घडण आहे. डावीकडून वाचली काय आणि उजवीकडून वाचली काय, ती सारखीच. अंक सतरा. आजचा सुशिक्षित मनुष्य ती वाचूं लागला, तर लाख-कोटींपाशीं येऊन थबकतो. परंतु भास्कराचार्यांनीं ११५० सालच्या ‘लीलावतीं’त स्थानांचीं जीं नांवें दिलीं आहेत, तीं ज्याला पाठ असतील त्याला ती न अडखळतां वाचतां येते: एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधि, चार शंकु, पांच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद, आठ कोटि, सात प्रयुत, सहा लक्ष, पांच अयुत, चार सहस्र, तीन शत, दोन दश आणि एक. भास्कराचार्यांच्या यादींतलें शेवटचें नांव परार्ध. आपली ही संख्या परार्धाच्या उंबरठ्यापाशीं, अवघें एक स्थान अलीकडे, उभी आहे.

ती किती मोठी आहे याची कल्पना नुसत्या नांवांनीं येत नाहीं. एकाद्यानें दर सेकंदास एक या वेगानें, रात्रंदिवस, न झोपतां मोजावयास आरंभ केला, तर तेथपर्यंत पोंचावयास त्याला सुमारें ३९ कोटि वर्षें लागतील. इतकी अफाट संख्या. आणि तरीहि तिच्याविषयीं जें कांहीं सांगण्यासारखें आहे, तें सारें पाटी-पेन्सिलीनें, एका बैठकींत, ज्याला गुणाकार येतो अशा कोणत्याहि मुलाला पडताळून पाहतां येतें. मोठेपणा आणि दुर्बोधपणा या दोन गोष्टी एक नव्हेत, हा या संख्येचा पहिला धडा.

तिचा जन्म पाहावयाचा असेल तर लहान संख्यांपासून आरंभ करावा. अकरा गुणिले अकरा एकशें एकवीस, हें उजळणी म्हणणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे: १२१. एकशें अकरास एकशें अकरांनीं गुणावें, १२३२१ येतात. चार एकांच्या संख्येस तिनेंच गुणावें, १२३४३२१ येतात. याच क्रमानें पुढें जात नऊ एकांच्या संख्येचा, म्हणजे १११११११११ हिचा, वर्ग केला कीं ही सतरा अंकी संख्या हातीं येते.

पुष्कळ ठिकाणीं गोष्ट येथेंच थांबविली जाते. ऐकणारा ‘वा!’ म्हणतो, सांगणारा समाधान पावतो, आणि दोघेहि उठून जातात. परंतु खरी गोष्ट येथून पुढें सुरू होते. कारण येथून पुढें ‘असें कां?’ हा प्रश्न आहे.

नऊ एकांचा गुणाकार शाळेंत शिकविलेल्या रीतीनें मांडून पाहावा. गुणकांतला प्रत्येक अंक एकच असल्यामुळें प्रत्येक ओळ म्हणजे तेच नऊ एक. फरक इतकाच कीं, प्रत्येक नवी ओळ वरच्या ओळीपेक्षां एक घर डावीकडे सरकलेली. अशा नऊ ओळी होतात. आतां बेरीज करावी. उजवीकडच्या पहिल्या उभ्या रांगेंत पहिल्या ओळींतला एकच एक आहे. दुसऱ्या रांगेंत दोन ओळींतले मिळून दोन, तिसरींत तीन, असें वाढत वाढत नवव्या रांगेंत नऊहि ओळींतले एक एकाखालीं एक उभे राहतात. त्यानंतर वरच्या ओळी एकेक करून संपूं लागतात. म्हणून दहाव्या रांगेंत आठ, अकराव्या रांगेंत सात, असें उतरत उतरत सतराव्या रांगेंत शेवटच्या ओळींतला एक तेवढा उरतो. चढ आणि उतार कोठून आला, तें येथें डोळ्यांना दिसतें. ओळी तिरप्या सरकत गेल्या, त्यांचा तो उभा हिशेब आहे. दुसरें कांहीं नाहीं.

याच मांडणींतून दुसरेंहि एक नवल आपोआप उलगडतें. या संख्येंतील सर्व अंकांची बेरीज करावी. ती ८१ येते, म्हणजे नवांचा वर्ग. ही बेरीज पुन्हां करून पाहण्याचीहि गरज नाहीं. गुणाकाराच्या मांडणींत नऊ ओळी होत्या आणि प्रत्येक ओळींत नऊ एक होते. एकंदर एक्यायशीं एक. ते आडवे मोजले तरी ८१ आणि उभे मोजले तरी ८१. धान्याचीं पोतीं खोलींत आडवीं मोजलीं काय आणि उभीं मोजलीं काय, पोतीं तितकींच भरतात.

या कुळांतील संख्यांना एक नांव आहे, आणि तें नांव एका रेल्वे स्थानकाचें आहे. ज्या मार्गावर चांदूर रेल्वे वसलें आहे, त्याच मार्गानें मुंबईकडे जावें; भुसावळ, मनमाड, नाशिक मागें टाकून, घाट उतरून, कल्याणच्या पलीकडे गेलें कीं डोंबिवली लागते. मुंबईपासून तीसएक मैलांवरचें हें स्थानक पूर्वीं ‘डेम्लो’ म्हणून ओळखलें जाई. तो मार्ग तेव्हां ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा होता; १९५१ सालीं त्याचें मध्य रेल्वेंत रूपांतर झालें. या डेम्लो स्थानकावर एका शिक्षकाच्या मनांत या संख्यांच्या अभ्यासाची कल्पना आली, आणि त्यानें त्यांना ‘डेम्लो संख्या’ असेंच नांव ठेवलें. त्या शिक्षकाचें नांव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर.

कापरेकरांचा जन्म १९०५ सालीं डहाणूस झाला. शालेय शिक्षण ठाण्यास, महाविद्यालयीन शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत. १९२७ सालीं स्वतंत्र गणिती लेखनाबद्दल त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नांवाचें पारितोषिक मिळालें. १९२९ सालीं ते मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. परीक्षा उत्तीर्ण झाले. त्यापुढची पदवी त्यांनीं घेतली नाहीं. १९३० पासून १९६२ सालीं निवृत्त होईपर्यंत ते देवळालीस शाळेंत शिक्षक होते. देवळालीहि याच लोहमार्गावरची. दिवसा मुलांना त्रैराशिक आणि व्याज शिकवावें आणि उरलेल्या वेळांत संख्यांची संगत करावी, असा त्यांचा क्रम होता. १९३८ सालीं ‘मॅथेमॅटिक्स स्टूडंट’ या नियतकालिकांत डेम्लो संख्यांतील अद्भुत संख्यांवर त्यांचा लेख आला. आणि १, १२१, १२३२१ अशा वाटेनें चढत जाऊन आपल्या सतरा अंकी संख्येपर्यंत पोंचणारी मालिका, ती हीच.

कापरेकरांना संख्यांस नांवें ठेवण्याची हौस होती, आणि तीं नांवें बहुधा जिवंत असत. ज्या संख्येस तिच्याच अंकांच्या बेरजेनें निःशेष भाग जातो, तिला त्यांनीं ‘हर्षद’ म्हटलें. हर्षद म्हणजे आनंद देणारी. आपली संख्या हर्षद आहे काय? तिच्या अंकांची बेरीज ८१ आहे हें आतांच पाहिलें. नऊ एकांच्या संख्येस नवांनीं भाग जातो, कारण तिच्या अंकांची बेरीज नऊ आहे. संख्येस नवांनीं भाग जात असेल, तर तिच्या वर्गास नऊ नव्वे एक्यायशींनीं भाग गेलाच पाहिजे. तेव्हां आपली संख्या हर्षद ठरली, आणि सतरा अंकी भागाकार करावा न लागतां ठरली. ज्याला करून पाहण्याची हौस असेल त्याच्यासाठीं, भागाकार १५२४१५७८९९७१०४१ येतो, बाकी शून्य.

असल्या संख्यांचें कौतुक या देशांत कापरेकरांपूर्वीं फार जुन्या काळापासून आहे. इसवी सनाच्या नवव्या शतकांत, राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या कारकीर्दींत, महावीराचार्य नांवाच्या जैन गणितज्ञानें ‘गणितसारसंग्रह’ हा ग्रंथ रचला. राष्ट्रकूटांची सत्ता वऱ्हाडावरहि होती, तेव्हां हा ग्रंथ वऱ्हाडाला परका नाहीं. त्यांत गुणाकाराचीं कांहीं उदाहरणें अशीं निवडलीं आहेत कीं, उत्तर गळ्यांतल्या कंठ्यासारखें दोन्हीं बाजूंनीं सारखें दिसावें. १२३४५६५४३२१ ही संख्याहि त्या ग्रंथांत आहे, आणि एकापासून सहापर्यंत चढून क्रमानें उतरणारी, असें तिचें वर्णन केलेलें आहे. ती सहा एकांच्या संख्येचा वर्ग. म्हणजे आपल्या संख्येची धाकटी बहीण. हजार-अकराशें वर्षांच्या अंतरानें एक जैन आचार्य आणि एक देवळालीचा शाळामास्तर एकाच वाटेवर भेटतात, ही गोष्ट लहान नव्हे.

आतां चौकस मूल साहजिकच विचारील: नऊ एकांचें झालें, दहा एकांचें काय? हा प्रश्न फार मोलाचा आहे, आणि जो शिक्षक तो टाळतो, तो या संख्येचा गाभाच टाळतो. दहा एकांच्या संख्येचा वर्ग करून पाहिला, तर उत्तर येतें तें असें:

१२३४५६७९००९८७६५४३२१

उजवी बाजू ठीक उतरते. पण डावीकडे सातानंतर एकदम नऊ, मग दोन शून्यें, आणि आठाचा पत्ता नाहीं. पुष्कळांना वाटतें कीं, येथें नियम मोडला. परंतु नियम मोडलेला नाहीं. उभ्या रांगा पूर्वींप्रमाणेंच एक, दोन, तीन अशा वाढत गेल्या आहेत. मधल्या रांगेंत दहा एक आले एवढेंच. दशमान पद्धतींत एका घरांत दहा मावत नाहींत. शून्य लिहावें लागतें आणि हातचा एक डावीकडे द्यावा लागतो. डावीकडच्या रांगेंत नऊ होते, त्यांत हातचा मिळून तेथेंहि दहा झाले; पुन्हां शून्य, पुन्हां हातचा एक. त्याच्या पलीकडे आठ होते, त्यांचे नऊ झाले. आठ हरवलेला नाहीं. हातच्यानें त्याचा नऊ झाला. येथें हातचा एकंदर दोनदां आला. प्रत्येक हातच्याच्या वेळीं दहाचा एक होतो, म्हणजे अंकांच्या बेरजेंतून नऊ कमी होतात. दहा ओळींत दहा-दहा मिळून शंभर एक होते. शंभरांतून दोनदां नऊ गेले, उरले ८२. वरच्या संख्येंतील अंकांची बेरीज करून पाहावी. ती बरोबर ८२ भरते.

नियम मोडल्यासारखा दिसतो तेव्हां तो बहुधा अधिक खोल गेलेला असतो. या आठाच्या अदृश्य होण्याचेंच पाहा. १२३४५६७९ या संख्येचा खेळ पुष्कळ घरांत ठाऊक आहे. हिच्यांत आठ नाहीं. हिला नवांनीं गुणलें तर नऊ वेळां एक येतात, अठरांनीं गुणलें तर नऊ वेळां दोन, त्रेसष्टांनीं गुणलें तर नऊ वेळां सात. मुलें हा खेळ खेळतात, पण आठच कां नाहीं हें त्यांना कोणी सांगत नाहीं. एकाला नवांनीं भागलें तर दशांश रूपांत ०.१११… असे न संपणारे एक येतात. त्या संख्येचा वर्ग म्हणजे एक भागिले एक्यायशीं. तो वर्ग आपल्या नेहमींच्याच रीतीनें मांडला, तर दशांश चिन्हाच्या उजवीकडे रांगा शून्य, एक, दोन, तीन अशा वाढत जातात, आणि यावेळीं उतार कधींच येत नाहीं. आठ, नऊ, मग दहा. आणि दहापाशीं हातचा. तो हातचा नवाला शून्य करतो, त्याचा हातचा आठाला नऊ करतो, आणि उत्तर येतें ०.०१२३४५६७९०१२३४५६७९… असें, नऊ-नऊ अंकांचें आवर्तन, आणि प्रत्येक आवर्तनांत आठाच्या जागीं नऊ. घरगुती खेळांतला हरवलेला आठ आणि दहा एकांच्या वर्गांतला हरवलेला आठ, हे एकाच हातच्यानें नेलेले आहेत. दोन वेगळीं नवलें होतीं, त्यांचें एकच कारण निघालें. गणितांतला आनंद तो हाच.

येथपर्यंत आल्यावर एक कठीण प्रश्न सामोरा येतो, आणि तो प्रामाणिकपणें विचारला पाहिजे. हें सारें खरें गणित कीं नुसता अंकांचा खेळ? केंब्रिजचे प्रख्यात गणितज्ञ हार्डी यांनीं १९४० सालच्या ‘ए मॅथेमॅटिशियन्स अपॉलजी’ या पुस्तकांत असल्या गोष्टींना फारसें महत्त्व दिलेलें नाहीं. चार अंकी संख्यांत ८७१२ आणि ९८०१ या दोनच संख्या अशा आहेत कीं, त्यांचे अंक उलटे लिहिले तर येणाऱ्या संख्येच्या त्या पटींत असतात. ८७१२ म्हणजे २१७८ ची चौपट आणि ९८०१ म्हणजे १०८९ ची नऊपट. हें उदाहरण देऊन त्यांनीं म्हटलें आहे कीं, यांत करमणूक आहे, पण गणितज्ञाच्या मनाला खेंचून घेईल असें कांहीं नाहीं. कापरेकरांच्या कामाकडेहि विद्यापीठांतले कित्येक पंडित याच नजरेनें पाहत.

या आक्षेपांत तथ्य आहे. कोणत्याहि संख्येला एक शरीर असतें आणि एक पोशाख असतो. अंकांनीं लिहिलेलें रूप हा पोशाख. माणसाच्या हाताला दहा बोटें म्हणून दहाचा पाया रूढ झाला. आठाच्या पायावर लिहिणारा समाज असता, तर हीच संख्या त्यानें निराळ्याच अंकांनीं लिहिली असती आणि तिचा हा सुंदर चढउतार त्याला दिसलाच नसता. तिचें शरीर म्हणजे तिचे मूळ अवयव. ते कोणत्याहि पोशाखांत बदलत नाहींत. नऊ एकांची संख्या म्हणजे ३ × ३ × ३७ × ३३३६६७. तेव्हां आपल्या संख्येंत ३ चार वेळां, ३७ दोन वेळां आणि ३३३६६७ दोन वेळां अवयव म्हणून येतात. यावरून तिला निःशेष भाग देणाऱ्या संख्या किती, तेंहि सांगतां येतें. ३ न घ्यावा किंवा चारपर्यंत कितीहि वेळां घ्यावा, असे पांच प्रकार. ३७ चे तीन आणि ३३३६६७ चे तीन. पांच गुणिले तीन गुणिले तीन, पंचेचाळीस. ही संख्या विषम आहे यांतहि अर्थ आहे. भाजक नेहमीं जोडीनें येतात; एक भाजक आणि त्याचा भागाकार अशी ती जोडी. पूर्ण वर्गांत मात्र वर्गमूळाची जोडी त्याच्याशींच लागते, म्हणून एक एकटा उरतो. हे गुण दहा बोटांच्या माणसालाहि खरे आणि आठ बोटांच्या माणसालाहि खरे.

तरी आक्षेपाला उत्तरहि आहे, आणि तें याच संख्येंत आहे. आठाच्या पायावर लिहिणाऱ्यानें सात एकांचा वर्ग केला, तर त्यालाहि १२३४५६७६५४३२१ असाच जिना दिसेल. आठ एकांपाशीं त्याच्याकडे हातचा येईल आणि जिना ढासळल्यासारखा दिसेल. पाया बदलला तरी सरकत्या ओळींचा आणि उभ्या रांगांचा नियम तोच राहतो. फक्त हातचा येण्याची जागा बदलते. बीजगणित शिकणारा विद्यार्थी अंकांच्या जागीं अक्षराचे घात ठेवतो, तेथें तर हातचा मुळींच नाहीं. तेथें हा चढउतार कितीहि लांबविला तरी अखंड राहतो. याचा अर्थ असा कीं, पोशाख पाहत पाहत विचारणारा मनुष्य पोशाखाच्या पलीकडे जाऊन पोंचला. दाराचें नक्षीकाम पाहण्यास जो थांबतो, तो कदाचित् बाहेरच राहील. पण दाराजवळ आल्यावांचून आंत तरी कोण जातो?

कापरेकरांचें पुढचें आयुष्य हेंच सांगतें. चार अंकी संख्या घ्यावी, सर्व अंक सारखे नसावेत. ते उतरत्या क्रमानें आणि चढत्या क्रमानें लिहून मोठींतून लहान वजा करावी, आणि हीच क्रिया पुन्हां पुन्हां करावी. फार तर सात वेळांत ६१७४ ही संख्या येते आणि पुढें तीच येत राहते. त्यांनीं हा शोध १९४९ सालीं मद्रासच्या गणित परिषदेंत मांडला. १९७५ सालीं मार्टिन गार्डनर यांनीं अमेरिकेंतील ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकांत त्यांच्याविषयीं लिहिलें, तेव्हां देवळालीच्या या शिक्षकाचें नांव जगभर झालें. शाळेंतून निवृत्त होऊन त्यांना तेव्हां तेरा वर्षें झालीं होतीं. १९८६ सालीं ते वारले. आज ६१७४ हा कापरेकर स्थिरांक म्हणून देशोदेशींच्या पुस्तकांत छापला जातो, आणि संगणकावर त्याचा अभ्यास करणाऱ्यांत मोठमोठ्या पदव्यांचे लोक आहेत. स्वतः कापरेकरांपाशीं कागद, शिसपेन्सिल आणि चिकाटी एवढेंच साहित्य होतें.

आजच्या घरांत तेवढेंहि साहित्य काढण्याची तसदी घेतली जात नाहीं. मूल गणकयंत्राचीं बटणें दाबतें. दहा अंक दाखविणाऱ्या यंत्रावर नऊ एकांचा वर्ग केला, तर तें १.२३४५६७८९९ असें कांहीं दाखवून शेजारीं दहाचा सोळावा घात लिहितें. पुढचे अंक त्याच्या पडद्यावर मावत नाहींत, म्हणून तें शेवटचा आठ वाढवून नऊ करतें आणि मोकळें होतें. उतरता जिना साराच नाहींसा होतो. यंत्राचा यांत दोष नाहीं. जितकें मावेल तितकें तें खरें सांगतें. पण जें मूल तेवढ्यावर थांबलें, त्याला ही संख्या कधीं भेटलीच नाहीं. आणि ज्याला ती नुसती जादू म्हणून दाखविली गेली, त्यालाहि ती भेटली असें म्हणतां येत नाहीं. जादू पाहून मूल टाळ्या वाजवितें आणि मनांत समजतें कीं, हें आपल्या आवांक्याबाहेरचें आहे. कारण समजलें कीं तेंच मूल म्हणतें, हें मलाहि करतां येतें. गणिताची धास्ती घेतलेल्या मुलांना या दुसऱ्या वाक्याची गरज फार आहे.

म्हणून चांदूर रेल्वेच्या काय किंवा मुंबईच्या काय, कोणत्याहि घरांत एकाद्या संध्याकाळीं मोठ्यांनीं मुलांजवळ बसून चौकटीच्या कागदावर हा गुणाकार मांडावा. चौकटीचा कागद अशासाठीं कीं, ओळी सरळ सरकतात आणि उभ्या रांगा चुकत नाहींत. आधीं तीन एकांचा करावा, मग पांचांचा, मग नवांचा. उत्तर आधीं सांगूं नये. नवांचा झाला कीं दहांचें काय होईल, हें मुलांना आधीं ओळखावयास सांगावें आणि मगच करूं द्यावें. ओळखलेलें उत्तर चुकलें तर हातचा कोठें आला तें त्यांचें त्यांनाच शोधूं द्यावें. शेवटीं अकरा एकांचा वर्ग त्यांच्यावर सोंपवावा. त्यांत अकरा ओळींत अकरा-अकरा मिळून एकशें एकवीस एक आहेत आणि हातचा चार वेळां येतो. तेव्हां काम बिनचूक झालें असेल, तर उत्तरांतील एकवीस अंकांची बेरीज ८५ भरली पाहिजे.